तेलाची परतवाट

बॉनेट उघडलं तेव्हा माझी नजर थेट टर्बोवर गेली, कारण धूर टर्बोचाच असणार हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची काडी, आपल्या नळीतून दोन बोटं वर येऊन उभी होती. मी ती अंगठ्याने दाबून खाली बसवली, आजूबाजूला उडालेलं तेल फडक्याने पुसलं आणि टर्बोकडे वळलो. पुढचे चार महिने ज्या उत्तरासाठी घालवले, ते मी त्या अंगठ्याखाली दाबून टाकलं होतं.

इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं. मुळातच टर्बोवालं, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाने हवा दाबून आत भरणारं, पण कारखान्यातून आलेला टर्बो काढून मोठा बसवलेला. पिस्टन फोर्ज्ड, कॅम नवे, बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, १.२ बार, आणि ‘तेल काय, जास्त झालेलं बरं’ या हिशोबाने घातलेला हाय-व्हॉल्यूम ऑईल पंप. खालचं काम, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, रिंगा, हे एका काकांनी बांधलं. काकांचं सगळं आयुष्य इंजिनं बांधण्यात गेलंय. वरची जोडणी माझी: टर्बो, त्याचे पाइप, इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारे ब्रीदर, आणि त्या वायूतलं तेल अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन. सुट्टीच्या दिवशी, मोठ्या हौसेने केलेली. तेव्हा दोष कुणाचा हे शोधायला वाचकाला फार लांब जावं लागणार नाही.

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन हळू चालवून रुळवणं, संपेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागली. मग पहिल्यांदा ट्रॅकवर नेली. लांब सरळ पट्टा, तिसरा गिअर, चौथा गिअर, पूर्ण बूस्ट, आणि वळणाआधी पेडल सोडलं की आरशात निळा ढग. काळा धूर पेट्रोलचा, पांढरा वाफेचा, निळा तेलाचा, एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं. शिवाय जळक्या तेलाचा तो उग्र, नाकात बसणारा वास. हिशोब केला तर ६०० किलोमीटरला एक लिटर तेल जात होतं. काही उत्पादक हजार किलोमीटरला अर्धा लिटर खपणं चालवून घेतात. माझं इंजिन त्याच्या तिपटीहून जास्त पीत होतं.

आणि हा आकडासुद्धा खरा नव्हता. मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवलेल्या टर्बो इंजिनात थोडं पेट्रोल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि तेलात मिसळतं. म्हणजे वरून तेल जळतंय आणि खालून पेट्रोल भरतंय. डिपस्टिकवरची रेघ जागच्या जागी, आणि आपण खूश. तेल लावलेली काडी नाकाशी धरून बघायची सवय मला तेव्हापासून लागली. पेट्रोलचा वास येत असेल तर त्या रेघेवर विश्वास ठेवायचा नाही.

धूर कधी येतो यावरून तो कुठून येतो हे ओळखायची एक जुनी रीत आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच एक भपका मारून गप्प झाली, तर व्हॉल्व्ह सील. लांब उतारावर गिअरमध्ये सोडून, मग पेडल दाबताच धूर आला, तरी व्हॉल्व्ह सील, कारण पेडल सोडल्यावर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्युम वाढतो आणि तो व्हॉल्व्हच्या दांडीवरून तेल खाली ओढतो. भार देताना सतत धूर, तर रिंगा. बराच वेळ आयडलवर उभी राहून मग रेस देताच धूर, तर टर्बो. रीत वाईट नाही. पण ती गृहीत धरते की गुन्हेगार एकच आहे आणि तो स्वतःच्या मनाने गुन्हा करतोय. माझी गाडी भार देताना थोडा, पेडल सोडल्यावर जास्त, आणि पिटमध्ये आयडलवर उभी राहिली की पुन्हा थोडा, असा तिन्ही प्रकारांनी धूर मारत होती.

मी टर्बो धरला. कारण टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप काढला तर आत बोट फिरवताच काळं तेल लागलं. कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणारं, चाक ओलं. चाक बोटांत धरून हलवलं तर किंचित खेळ. झालं, सील गेलं. दुसरा टर्बो आणला, बसवला, आणि दुसऱ्याच दिवशी आरशात तोच ढग. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

त्या संन्याशाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्याला फार वेळा फाशी होते. साध्या बेअरिंगच्या टर्बोत दांडा तेलाच्या थरावर तरंगतो. मिनिटाला एक लाखाहून जास्त फेऱ्या घेणाऱ्या दांड्याला दुसरा आधार नाही. थंड, कोरड्या टर्बोत चाक आडवं हलवल्यावर जो थोडा खेळ लागतो तो त्या थराची जागा आहे. इंजिन चालू असताना ती तेलाने भरते. दांडा आत-बाहेर सरकत असेल किंवा चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र खरंच संपला. आणि आपण ज्याला ‘सील’ म्हणतो ते रबरी नसतंच. दांड्याच्या दोन्ही टोकांना पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची रिंग असते. तिचा मुख्य भरवसा दोन गोष्टींवर: पलीकडे चाकामागे असलेला दाब, आणि बेअरिंगमधून सुटलेलं तेल विनाअडथळा खाली निघून जाणं. तेल निघून जात नसेल तर नवाकोरा टर्बोसुद्धा दोन्हीकडून गळतो. तो गळत नसतो खरं तर, तुंबलेला असतो.

टर्बोतून बाहेर पडणारं तेल हे तेलासारखं दिसत नाही. फेस असतो तो, हवेने फुगलेला. आत जाताना बारीक नळीतून, चारेक बारच्या दाबाने जातं, आणि बाहेर येताना दाब शून्य, फक्त स्वतःचं वजन. म्हणून आत जाणारी नळी बारीक आणि बाहेर येणारी जाडजूड असते. ती शक्य तितकी सरळ खाली उतरली पाहिजे, तिला मध्ये पोट पडता कामा नये, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साचतं त्या भांड्यात, ती तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल कमी लागतं, म्हणून त्याच्या आतल्या वाटेवर एक मिलिमीटरच्या आसपासचं भोक असलेला रेस्ट्रिक्टर घालतात; साध्या बेअरिंगच्या टर्बोला सहसा त्याची गरज नसते, उलट तेल तोडलं तर तो जळतो.

माझी ड्रेनची नळी १६ मिलिमीटरची, सरळ, नीट. पण तिचं फ्लँज काढलं तर आतल्या कडेला सिलिकॉन सीलंटची एक शेपटी लोंबत होती. गॅस्केटला मी प्रेमाने लावलेलं, दाबल्यावर आत सरकलेलं. भोकाचा चौथा हिस्सा तिने अडवला होता. ती कापून काढली. धूर कमी झाला, पण गेला नाही. असं अर्धवट यश फार वाईट; आपण बरोबर वाटेवर आहोत असं वाटायला लावतं.

दुसरा संशय रिंगांवर. काकांना हे सांगायची हिंमत गोळा करायला मला आठवडा लागला.

“माझ्या हातच्या रिंगा आहेत त्या,” काका म्हणाले. “तू गेज लाव. मग बोलू.”

गेज लावलं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये १० बारच्या आसपास, कुणीही मागे नाही. मग लीक-डाऊन: पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत असलं की इंजिन बरं समजतात. आमचं ६ ते ७. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या अगदी वरचं आवरण; त्याच्या झाकणाला कान लावला तर बारीक सुस्कारा, जेवढा असायला हवा तेवढाच. काका काही बोलले नाहीत. हातातला पाना पुसत उभे राहिले, ते मला जास्त लागलं.

पण या दोन्ही चाचण्या तेलाच्या रिंगेबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत, हे मला काकांनीच नंतर समजावलं. पिस्टनवर तीन रिंगा. वरची दाब धरते. मधली नावाला दाबाची, पण तिचं मोठं काम भिंतीवरचं तेल खरवडून खाली ढकलणं. तिसरी पूर्णपणे तेलाची: दोन पातळ पट्ट्या आणि त्यांना बाहेर दाबणारा नागमोडी एक्सपांडर. कॉम्प्रेशनचा आकडा वरच्या दोघींचा. तिसरी मोडून पडली असली तरी गेजचा काटा खुशाल १० बार दाखवतो. एक्सपांडरची टोकं बसवताना एकमेकांवर चढली की पट्ट्यांवरचा ताण जातो आणि इंजिन पहिल्या दिवसापासून धूर मारतं. मधली रिंग उलटी बसली, तिच्यावरची खूण वरच्या बाजूला ठेवायची राहिली, तर ती तेल खाली ढकलायच्या ऐवजी वर ओढते. या दोन चुकांपायी कितीतरी नवी इंजिनं पुन्हा खोलावी लागतात.

टर्बोच्या इंजिनात रिंगेच्या टोकांमधली फटही मोठी ठेवावी लागते. ८६ मिलिमीटरच्या बोअरला वरच्या रिंगेची फट साधारण ०.४३ ते ०.५२ मिलिमीटर. दुसरीची तेवढीच किंवा थोडी जास्त, म्हणजे दोघींच्या मध्ये दाब साठून वरची रिंग जागेवरून उचलली जात नाही. फट लहान ठेवली तर उष्णतेने रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो. म्हणून मोठी ठेवायची, आणि थोडा जास्त वायू खाली निसटणार हे मान्य करायचं. २६१८ मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून त्यांना भिंतीपाशीही जागा जास्त सोडतात. थंड असताना ते खडखडतात. थोडक्यात, अशा इंजिनात बॅक कॉम्प्रेशन असणारच. पुस्तकात त्याला ब्लो-बाय म्हणतात. काका बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि मला तोच शब्द बरा वाटतो, कारण तो वायू कुठे चाललाय ते त्यात ऐकू येतं.

प्लग काढून ओळीने मांडले. एकच प्लग तेलकट असता तर त्याच सिलिंडरचं काहीतरी. चारही सारखेच, हलके ओले. म्हणजे तेल चौघांना सारखं वाटणाऱ्या जागेतून येतंय, आणि ती जागा इनटेक, हवा आत येते ती वाट. इथे मी पुन्हा टर्बोकडे वळणार होतो, पण काका म्हणाले, “टर्बोच्या आधीचा पाइप बघितलास?”

नव्हता बघितला. एअर फिल्टर आणि कॉम्प्रेसर यांच्यामधला तो पाइप काढला. आतून ओला. टर्बोपर्यंत पोचायच्या आधीच हवेत तेल होतं. कॅच कॅनची बाहेर जाणारी नळी याच पाइपला येऊन मिळते. कॉम्प्रेसरचं चाक ओलं होतं ते वरून आलेल्या तेलाने. पहिला टर्बो काढायच्या आधी तो पाइप सोडायला मला दोन क्लिपा ढिल्या कराव्या लागल्या असत्या.

मग काकांची चूक. त्यांनी व्हॉल्व्ह सीलवर बोट ठेवलं, कारण पेडल सोडल्यावरचा धूर दुसऱ्या कशाने समजावता येत नव्हता. सोळाही सील बदलले. जुने हातात घेऊन बघितले, मऊ, धडधाकट. धूर तसाच.

या टप्प्यावर माझा एक मित्र आला. त्याचं काम मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाच्या डक्टमध्ये हवेचा दाब मोजायचं. इंजिनातलं त्याला काही कळत नाही. मी तासभर त्याला तीन आरोपींची कहाणी ऐकवली, आणि तो मध्येच म्हणाला, “अरे, पण त्या खालच्या डब्यात दाब किती आहे?”

मी म्हटलं, थोडाफार असेल.

“थोडाफार म्हणजे किती मिलिमीटर?”

त्याच्या धंद्यात दाब पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. त्याने एका फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात ठोकली, दोन्ही बाजू ६० सेंटिमीटर उंच, आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरलं. दिसावं म्हणून त्यात निळ्या शाईचे चार थेंब टाकले. डिपस्टिक काढून तिच्या नळीवर रबरी होज चढवला, क्लिपने आवळला, आणि बॉनेटच्या फटीतून खिडकीवाटे आत आणून फळीच्या एका टोकाला जोडला. दुसरं टोक उघडं. दोन बाजूंच्या पाण्यात जितका फरक, तितका क्रँककेसमध्ये, म्हणजे त्या खालच्या डब्यात, दाब. साधारण १० सेंटिमीटरला एक किलोपास्कल. टर्बोवाल्यांच्या जगात सगळे बारमध्ये बोलतात. एक किलोपास्कल म्हणजे बारचा शंभरावा भाग, कुठल्याही बूस्ट गेजवर तो दिसायचासुद्धा नाही.

मी गाडी चालवत होतो, तो फळी मांडीवर धरून शेजारी बसलेला. आयडलवर पाणी तीन-चार सेंटिमीटर वर. तिथेच काहीतरी चुकलं होतं. निरोगी इंजिनात आयडलवर क्रँककेसमध्ये थोडा व्हॅक्युम असतो, पाणी उलट बाजूला सरकायला हवं. रिकाम्या ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबलं. “वीस,” तो म्हणाला. “पस्तीस. पन्ना…” आणि पुढचं वाक्य आलंच नाही. निळं पाणी नळीच्या टोकातून उडालं आणि त्याच्या शर्टावर, माझ्या कानावर आणि छताच्या कापडावर पडलं. छतावरचा डाग अजून आहे.

म्हणजे ६० सेंटिमीटरच्या पुढे. सहा किलोपास्कलच्या वर. ऐकायला काहीच नाही. पण टर्बोचं तेल जिथे फक्त वजनाने खाली उतरतं तिथे खालून हा दाब आला की ते उतरत नाही. डिपस्टिक दोन बोटं वर यायला आणखी कशाची गरज नव्हती.

मग टर्बो खरंच तुंबत होता, आणि व्हॉल्व्ह सीलही खरंच तेल सोडत होते. तिन्ही आरोपींच्या हातांना तेल लागलेलं होतं. चौकशी करणाऱ्याने फसावं अशीच सगळी मांडणी.

दाब का वाढत होता, हे कळायला मला माझंच काम पाहावं लागलं. मूळ इंजिनात क्रँककेसचा श्वास दोन वाटांनी बाहेर पडत होता. एक टॅपेट कव्हरवरून. दुसरी ब्लॉकच्या बाजूने, इनटेक मॅनिफोल्डखाली बसवलेल्या, वायूतलं तेल वेगळं करणाऱ्या एका बोजड सेपरेटरमधून, आणि तिथेच पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे हा वायू मॅनिफोल्डकडे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. नवा मॅनिफोल्ड बसवताना तो सेपरेटर आडवा येत होता. मी तो काढला आणि त्याच्या जागी ॲल्युमिनियमची पट्टी लावून भोक बंद केलं. पट्टी पॉलिश केली होती मी. दिसायला फार छान. मग टॅपेट कव्हरवरून १० मिलिमीटरच्या दोन नळ्या कॅच कॅनमध्ये नेल्या. दोन नळ्या म्हणजे पुष्कळ, असं मनात. पण नळीचा व्यास दुप्पट झाला की तिचं तोंड चौपट होतं. २० मिलिमीटरच्या एका नळीची बरोबरी करायला १० मिलिमीटरच्या चार लागतात. जास्त वायूसाठी मी वाट निम्म्याहून कमी केली होती.

खरी गंमत त्याच्याही पुढे आहे. ब्लॉकमधली वाट बंद झाल्यावर खालचा सगळा वायू टॅपेट कव्हरपर्यंत पोचणार कसा? वर जायला एकच रस्ता: हेडमधून, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागातून, तेल ज्या भोकांतून खाली परततं ती भोकं. पंप तेल वर फेकतो, कॅम आणि टॅपेट भिजवून ते हेडच्या तळाशी साचतं, आणि चार-पाच भोकांतून, कुणी न ढकलता, खाली ओघळतं. त्याच भोकांतून आता बॅक कॉम्प्रेशन जोराने वर येत होतं. अरुंद जिन्यावरून घागरी घेऊन बाया उतरतायत आणि खालून धक्काबुक्की करत गर्दी वर चढतेय, असा प्रकार. उतरणारं तेल वरच अडकतं. वर माझा हाय-व्हॉल्यूम पंप आणखी घागरी पाठवतोय. हेड तेलाने भरतं, कॅम त्यात घुसळतात, ब्रीदरच्या नळीतून वायूऐवजी तेल बाहेर पडतं, कॅच कॅन भरतो, उरलेलं टर्बोत. आणि व्हॉल्व्हच्या दांड्या तेलात बुडालेल्या असल्यामुळे पेडल सोडताच धडधाकट सीलवरूनसुद्धा तेल खाली ओढलं जातं.

ऑईल कंट्रोल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंप येतो, प्रेशर गेज येतं, रिंगा येतात. तेल जातं कसं याची काळजी सगळे घेतात. हजार आरपीएमला १० पीएसआय, हा आडाखा कुणीही झोपेत सांगेल. परत येतं कसं, याचं गेज कुठल्याच डॅशबोर्डवर नसतं. जायला पंप आहे. यायला फक्त वजन.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नव्हे. निस्सानच्या आरबी२६ इंजिनाची तर यात जगभर ख्याती आहे. १९८९च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये आलेलं, २.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन. ताकद वाढवली आणि ट्रॅकवर वरच्या आरपीएमला बराच वेळ धरलं की तेल हेडमध्ये साचतं, चेंबर रिकामा होतो, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. त्याच्यावरचे उपायही ठरून गेलेत: ब्लॉकमधून हेडकडे जाणाऱ्या वाटांत रेस्ट्रिक्टर, ब्लॉकमधली परतीची भोकं मोठी करणं, हेडच्या मागच्या टोकातून चेंबरपर्यंत वेगळी नळी, चेंबरला पडदे आणि जास्त जागा. त्या वेगळ्या नळीबद्दल एकमत नाही. काही म्हणतात तिच्यातून तेल खाली येतं, काही म्हणतात वायू वर जातो आणि म्हणून बाकीच्या भोकांतून तेल सुखाने उतरतं. मला दुसरं पटतं. जिन्यावरची गर्दी कमी झाली की झालं.

खात्री करायला आम्ही एक सोपी गोष्ट केली. सलग दोन फेऱ्या मारून गाडी थांबवताच डिपस्टिक बघितली: तेल खालच्या खुणेच्याही खाली. पाच मिनिटांनी पुन्हा: दोन खुणांच्या मधोमध. थोडा फरक प्रत्येक इंजिनात पडतो. इतका पडत नाही. ते सगळं तेल वर बसलेलं होतं. त्या दोन फेऱ्यांत बेअरिंगवर काय बीतली असेल याचा विचार मी अजून टाळतो.

पॉलिश केलेली पट्टी काढली. तिथे पडदा घातलेलं एक बुटकं तोंड वेल्ड करून १९ मिलिमीटरची नळी कॅच कॅनला नेली. टॅपेट कव्हरची तोंडं १६ मिलिमीटरची केली, आणि आतून प्रत्येकामागे पत्र्याचा आडोसा लावला, कारण आधी कॅमचं फिरतं तेल थेट नळीच्या तोंडावर उडत होतं. कॅनच्या आत जाळी, आणि बाहेरची नळी २५ची, टर्बोच्या आधीच्या पाइपला, म्हणजे बूस्टवर तिथली ओढ क्रँककेस रिकामी करायला मदत करते. पीसीव्ही व्हॉल्व्ह परत बसवला, आणि तोंडाने फुंकून, ओढून बघितला. बूस्ट आला की तो एका बाजूने घट्ट बंद व्हायलाच हवा, नाहीतर टर्बोचा दाब सरळ क्रँककेसमध्ये.

हेडच्या वाटेत रेस्ट्रिक्टर टाकूया असं मीच म्हटलं. काकांनी नकार दिला. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यांचं पोट तेलाच्या दाबावर भरतं; आरबी२६चे टॅपेट घन, म्हणून तिथे चालतं. ‘दुसऱ्याचं औषध घ्यायचं नाही,’ एवढंच बोलले. हाय-व्हॉल्यूम पंप मात्र काढून मूळचा बसवला, बेअरिंगच्या फटी मूळच्याच असताना तो घालायचं कारणच नव्हतं. सोनारानेच कान टोचावेत.

फळी पुन्हा खिडकीतून आत आली. या वेळी मित्राने जुना शर्ट घातला होता. आयडलवर पाणी उलट बाजूला, चार सेंटिमीटर. मी पेडल दाबलं आणि तो आकडे सांगायला लागला: “शून्य. दोन. चार. पाच. पाच. पाच.” सरळ पट्टा संपला, पेडल सोडलं, आणि मी सवयीने आरशात बघितलं. मागे रिकामा ट्रॅक, उन्हात थरथरणारी हवा.

त्यानंतरच्या हजार किलोमीटरला २०० मिलिलिटर तेल गेलं. अशा इंजिनाला ते माफ आहे. काढलेला पहिला टर्बो काकांनी उघडून बघितला आणि धुऊन, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. त्यावर खडूने लिहिलंय: ‘चांगला आहे’.